लांडग्याला हात न लावता त्याच्या पोटातले जंत कसे तपासायचे

सोलापूरहून बार्शी रोडनं निघालं की नान्नजच्या अलीकडं एक उघडा माळ लागतो. तिथं गाडीवाटा दोन बाजूंनी येऊन फुलीसारख्या एकमेकींना छेदतात. लांडगा नेमका तिथंच थांबतो, विष्ठा टाकतो आणि पुढं जातो. ही जागा आपली आहे हे सांगायची त्याची रीत ती. गेली अकरा वर्षं हिवाळा आणि उन्हाळा मी पहाटे त्या फुलीवर जाते. मी एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत काम करते. पण या विषयाकडं मी कॉलेजातून आले नाही, आमच्या मेंढरांच्या वाड्यावरून आले.

आमचं घर धनगराचं. आण्णांकडं ऐंशीएक दख्खनी मेंढरं होती. मी सातवीत असताना त्यातली एक चांगली दुभती मेंढी एकाएकी डावीकडं गोल फिरायला लागली. मान वाकडी करून तेवढ्याच जागेत फेऱ्या मारायची, मधेच वाघरीच्या जाळ्याला धडकायची. आठवड्याभरात तिला एका डोळ्यानं दिसेना. शेवटी ती कापली. डोकं फोडलं तेव्हा मेंदूच्या एका बाजूला अंड्याएवढी पाण्याची पिशवी निघाली. पातळ, आरपार दिसणारी, आणि आतून साबुदाण्यासारखे पांढरे दाणे झुपक्यानं चिकटलेले. सगळ्यांनी बघितलं, हळहळले, आणि कुणीतरी ते डोकं आमच्या कुत्र्यापुढं टाकलं.

त्या पिशवीतला प्रत्येक पांढरा दाणा म्हणजे एका पट्टकृमीचं, फितीसारख्या चपट्या जंताचं, डोकं होतं, हे मला बी.एस्सी.ला कळलं. टीनिया मल्टिसेप्स त्याचं नाव. कुत्र्याच्या पोटात तो जंत मोठा होतो, विष्ठेतून त्याची अंडी गवतावर पडतात, मेंढी ते गवत खाते, अळी मेंदूपर्यंत पोचते. मेंढी गोल फिरू लागली की कळपातून मागं पडते आणि लांडग्याला आयती सापडते. मग तोच जंत लांडग्याच्या पोटात. कुत्रा, मेंढी, लांडगा, गवत हे सगळं एकाच चाकात फिरतंय. म्हणून ‘लांडग्याचा रोग’ असं मी कधी म्हणत नाही. आपल्याकडं लांडगा शेळ्या-मेंढरांवर बराच जगतो, त्यामुळं त्याच्या पोटात जे सापडतं त्यातलं पुष्कळसं आपल्याच वाड्यावरून गेलेलं असतं.

हे तपासायला लांडगा पकडावा लागत नाही, त्याला बेशुद्ध करावं लागत नाही. विष्ठा पुरते. कसं करायचं ते सांगते.

आधी कागद

लांडगा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाला जे संरक्षण, तेच त्याला. त्याची विष्ठा गोळा करायलाही वनखात्याची लेखी परवानगी काढा. ती कॉलेज किंवा संस्थेमार्फत मागितली तर काम सोपं जातं. माळढोक अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नका, बाहेरच्या माळावरही परवानगीची प्रत जवळ ठेवा. हिवाळ्यात मादी पिल्लं घालते. त्या दिवसांत फक्त गाडीवाटेवरून चालायचं. ओढ्याच्या काठाला ढोली, म्हणजे लांडग्याचं बीळ, दिसली, आसपास पिल्लांच्या पावलांचे ठसे दिसले, तर आल्या वाटेनं परत फिरायचं. आपण तिथं वावरलो की मादी पिल्लं उचलून दुसरीकडं नेते, आणि त्या धावपळीत पिल्लं दगावू शकतात. कुठलाही नमुना एवढा मोलाचा नसतो.

विष्ठा लांडग्याचीच आहे का

इथं घाई करणाऱ्यांचं सगळं पुढचं काम वाया जातं. लांडग्याची विष्ठा दोरासारखी पिळलेली, जाड, बहुतेकदा अडीच सेंटिमीटरच्या वर, टोकाला निमुळती. केसांनी गच्च भरलेली, मधे हाडांच्या कपच्या. ताजी असताना काळसर आणि ओलसर, जुनी झाली की पांढरी पडते. भाकरी खाणाऱ्या गावातल्या कुत्र्याची विष्ठा मऊ, पिठूळ, तिच्यात ज्वारीचे कण, कधी प्लास्टिकचा तुकडा. खोकडाची बारीक, तिच्यात बोराच्या बिया आणि किड्यांचे पंख.

अडचण होते ती मेलेल्या जनावरांवर आणि पोल्ट्रीच्या घाणीवर जगणाऱ्या मोकाट कुत्र्यांची. त्यांची विष्ठा हुबेहूब लांडग्यासारखी दिसते. जवळ पावलांचे ठसे असतील, आदल्या संध्याकाळी मेंढक्यानं लांडगा बघितला असेल, तरी मी वहीत ‘लांडगा असावा’ एवढंच लिहिते. ‘लांडगा’ हा शब्द डीएनए तपासणी झाल्यावरच. पुण्याजवळच्या गवताळ भागात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर जनुकीय तपासणीतून सिद्ध झालाय, त्यामुळं नुसत्या डोळ्यांवर विसंबायचे दिवस संपले.

उचलायची कशी

सूर्य वर यायच्या आत पोचा. आपल्याकडं मार्चनंतर नऊ वाजताच माळ तापतो आणि दुपारपर्यंत विष्ठा वाळून खडखडीत होते. हातमोजे दुहेरी, तोंडाला मास्क, वारा पाठीमागून येईल असं उभं राहायचं. वास घेऊन बघायचा नाही, काडीनं फोडून धूळ उडवायची नाही. ही सावधगिरी कशासाठी ते सांगते. एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस नावाचा पट्टकृमी जेमतेम ३ ते ७ मिलिमीटरचा असतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ होते. ती वर्षानुवर्षं कळत नाही, हळूहळू वाढत राहते, आणि पुष्कळदा ऑपरेशनच करावं लागतं. आत फुटली तर जिवावर बेततं. जगभरात कोणत्याही एका वेळी दहा लाखांहून जास्त लोकांना या रोगाची बाधा असते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पूर्ण विष्ठा उचलू नका. अर्धी तिथंच राहू द्या, ती त्याची खूण आहे. जमिनीला टेकलेला भाग घ्यायचा नाही, कारण मातीतल्या मोकळ्या अळ्या त्यात शिरलेल्या असतात आणि मायक्रोस्कोपखाली त्याच जंताच्या अळ्या वाटतात. मधला भाग आइस्क्रीमच्या लाकडी चमच्यानं घ्या. चमचा एका नमुन्याला एकच. दोन बाटल्या करा. एकीत १० टक्के फॉर्मेलिन, नमुन्याच्या तिप्पट. ही अंडी बघण्यासाठी. दुसरीत शुद्ध अल्कोहोल, डीएनएसाठी. फॉर्मेलिनचा डीएनएला उपयोग नाही, म्हणून दोन्ही हव्यात.

आणि हे ठळक लिहून ठेवा: फॉर्मेलिन किंवा अल्कोहोलमध्ये ठेवल्यानं पट्टकृमीची अंडी मरतातच असं नाही. बाटलीत औषध आहे म्हणून नमुना निर्धोक झाला, ही समजूत मी शिकल्यासवरल्या लोकांत बघितलीय. उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये निदान तीन दिवस ठेवावं लागतं, आम्ही आठवडाभर ठेवतो. घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात तेवढी थंडी नसते, आणि जिथं दूध ठेवतो तिथं ही बाटली ठेवायचीच नाही. असा फ्रीजर असलेली प्रयोगशाळा आधी शोधा, मगच माळावर जा.

बाटलीवर पेन्सिलीनं लिहा, शाई अल्कोहोलनं पुसली जाते. तारीख, वेळ, जीपीएस, विष्ठा किती ताजी, आणि आसपास काय होतं: वाडा, पोल्ट्री, मेलेलं जनावर, पाणवठा. ही शेवटची ओळ बहुतेक लोक टाळतात. पुढं सगळ्यात जास्त कामाला तीच येते.

मिठाच्या पाण्यात अंडी तरंगवणं

मिठाचं घट्ट पाणी जंताच्या अंड्यांपेक्षा जड असतं, त्यामुळं अंडी वर येतात. एवढंच तत्त्व आहे. एक लिटर कोमट पाण्यात ४०० ग्रॅम मीठ घाला आणि ढवळत राहा. तळाशी थोडं मीठ न विरघळता राहिलं की पाणी तयार. फडक्यातून गाळून बाटलीत भरा.

फ्रीजरमधून काढलेला सुमारे ३ ग्रॅम नमुना घ्या, फॉर्मेलिनचा असेल तर आधी साध्या पाण्यानं धुऊन. ४० ते ५० मिलिलिटर मीठपाण्यात कालवा. चहाच्या गाळणीतून गाळा. ही गाळणी कायमची याच कामाची, तिच्या दांड्याला लाल दोरा बांधून ठेवा. गाळणीत राहिलेले केस फेकू नका, ते लागणार आहेत. गाळलेलं पाणी परीक्षानळीत अगदी काठोकाठ, किंचित फुगून वर येईल इतकं भरा. वर कव्हरस्लिप, म्हणजे काचेचा पातळ तुकडा, अलगद टेकवा, आत बुडबुडा राहू देऊ नका. पंधरा मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग कव्हरस्लिप सरळ वर उचलून स्लाइडवर ठेवा आणि लगेच बघा. मिठाचे स्फटिक भराभर धरतात. एप्रिल-मेमध्ये तर पंखा बंद करूनच बसायचं, नाहीतर दहा मिनिटांत सगळी स्लाइड पांढरी होते.

पट्टकृमीची अंडी जरा जड. त्यांच्यासाठी साखरेचं पाणी जास्त चांगलं: ३५५ मिलिलिटर पाण्यात ४५४ ग्रॅम साखर, मंद आचेवर विरघळवून, आणि बुरशी धरू नये म्हणून गार झाल्यावर फॉर्मेलिनचे थोडे थेंब. चिकटपणामुळं हात खराब होतात, पण स्लाइड लवकर वाळत नाही. मी प्रत्येक नमुना दोन्ही पाण्यांत बघते.

काय दिसेल

आधी दहाच्या भिंगानं पूर्ण कव्हरस्लिप फिरून बघायची, शेतात पेरणी करतात तशी ओळीनं, एकही पट्टा न सोडता. काही दिसलं की चाळीसचं भिंग. आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, मोजपट्टी बसवून घ्या. मोजमापाशिवाय नाव देणं म्हणजे अंदाज.

पट्टकृमीचं अंडं एकदा बघितलं की विसरत नाही. तपकिरी, गोल, ३० ते ४० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तेवढे हजारावे भाग. कवच जाड, आणि त्यावर मधून बाहेर गेलेल्या बारीक रेघा, थेट बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. सूक्ष्म स्क्रू हळूच फिरवला की आत अणकुचीदार आकड्या चमकतात. तीन जोड्या, म्हणजे सहा. मला पहिल्यांदा त्या दिसल्या तेव्हा मी बराच वेळ आयपीसवरून डोळा काढला नव्हता. माझ्या डोळ्यांपुढं आमची मेंढी गोल फिरत होती. पण लक्षात ठेवा, मेंदूत जाणारा टीनिया मल्टिसेप्स, आतड्यावरच्या पडद्यात पाण्याची पिशवी करणारा टीनिया हायडॅटिजेना आणि माणसाला गाठ करणारा एकायनोकॉकस या तिघांची अंडी दिसायला सारखीच. मायक्रोस्कोपवर त्यांच्यात फरक करता येत नाही, तिथं डीएनएच हवा. वहीत ‘पट्टकृमी, टीनिया गट’ एवढं लिहा आणि थांबा.

अंकुशकृमीचं अंडं लांबट गोल, पातळ कवचाचं, ५५ ते ७५ मायक्रॉन लांब, आत पेशींचा द्राक्षासारखा घोस. टॉक्सोकारा या गोल जंताचं मोठं, ७५ ते ९० मायक्रॉन, काळपट, आणि कवचावर तांब्याच्या हंड्याला ठोके दिल्यासारखे खळगे. चाबूककृमीच्या अंड्याला दोन्ही टोकांना बूच. ही तिन्ही सहज ओळखू येतात.

स्पायरोसर्का लुपाय मात्र निसटतो. या जंताच्या नावातच लांडगा आहे. शेणकिड्याच्या पोटातून तो कुत्र्या-लांडग्यात जातो आणि अन्ननलिकेत गाठी करतो. अंडं जेमतेम ३० ते ३८ मायक्रॉन, अरुंद, आत अळी दुमडलेली. मिठाच्या पाण्यात पुष्कळदा वर येतच नाही. साखरेच्या पाण्यातही मिळेल याची खात्री नाही, म्हणून ‘दिसला नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक ठेवा.

मेंढीची अंडी लांडग्याच्या नावावर

दुसऱ्या वर्षी मी ओळीनं अनेक नमुन्यांत ‘अंकुशकृमी’ लिहीत गेले. आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंनी वही बघितली आणि एकच प्रश्न विचारला, “गाळणीत केस कसले होते गं?” मी पुन्हा जाऊन बघितलं. सगळ्यांत लोकर. अंडी पुन्हा मोजली तर ७० ते ८५ मायक्रॉन भरली. ती लांडग्याची नव्हतीच. लांडग्यानं मेंढी आतड्यांसकट खाल्ली होती, आणि मेंढीच्या पोटातल्या जंतांची अंडी त्याच्या पोटातून जशीच्या तशी बाहेर पडली होती. वर्षभराच्या नोंदी मी खोडून पुन्हा लिहिल्या.

म्हणून गाळणीतले केस धुऊन, वाळवून, नमुन्याच्या क्रमांकासह पाकिटात ठेवा. लोकर, शेळीचा केस, सशाची मऊ लव, काळविटाचा केस हे थोड्या सरावानं ओळखता येतं. मेंढीच्या आतड्यातले आयमेरियासारखे एकपेशीय जीवही असेच लांडग्याच्या विष्ठेत सापडतात आणि नवख्याला फसवतात. भक्ष्य कोणतं हे कळल्याशिवाय जंताचं नाव पक्कं करायचं नाही.

आणि अंडी सापडली म्हणजे लांडगा आजारी, असंही नाही. पुष्कळ जंत त्याच्यात निमूट राहतात. एखादा परजीवी जनावराचं वागणंही बदलतो. अमेरिकेतल्या यलोस्टोनमधल्या लांडग्यांच्या रक्ताचे सव्वीस वर्षांचे नमुने तपासून २०२२ साली एक अभ्यास छापला गेला. टॉक्सोप्लाझ्मा या एकपेशीय परजीवीची बाधा झालेले लांडगे कळपाचे म्होरके होण्याची शक्यता ४६ पट जास्त निघाली. तिथं हा परजीवी प्यूमा या मोठ्या मांजरामुळं पसरतो. आपल्या माळाला तो आकडा लावू नका, पण ‘जंत म्हणजे अशक्तपणा’ एवढं सरळ गणित नसतं, हे ध्यानात राहू द्या.

लूत मात्र खरोखर जीव घेते. ती विष्ठेत दिसत नाही, दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्यातून बघावी लागते: शेपटी उंदरासारखी उघडी, कोपरावर आणि कानांवर केस नाहीत, कातडी जाड आणि राखाडी. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लांडगे मारण्यासाठी मुद्दाम लूत पसरवली होती. माळावर असं जनावर दिसलं तर जवळ जाऊ नका, फोटो आणि जागा घेऊन वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

वाड्यावर काय करायचं

माझी वही बघून एका वाड्यावरच्या म्हाताऱ्या मामांनी विचारलं होतं, “आक्का, लांडगं त्याच्या पोटाचं बघंल. त्याला कुठं गोळी चारनार तुमी?”

“त्याला न्हाई मामा, तुमच्या मोत्याला चारायची.”

लांडग्यासाठी आमिषात औषध घालून ठेवायचा विचारही करू नका. ते कोण खाईल, किती खाईल, यावर आपला ताबा नसतो, आणि तो गुन्हाही आहे. चाक थांबवायचं ते कुत्र्यापाशी.

कुत्र्याला प्राझिक्वांटेल असलेली गोळी द्या. मात्रा दर किलो वजनाला ५ मिलिग्रॅम. वजन अंदाजानं नको, कुत्रं उचलून काट्यावर उभं राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. पिल्लं आणि गाभण कुत्री असतील तर डॉक्टरांना विचारून, शासनाच्या १९६२ या क्रमांकावर जनावरांच्या डॉक्टरांची सोय होते. वर्षातून निदान चार वेळा गोळी हवी. एकायनोकॉकसचा धोका जिथं पक्का आहे तिथं दर सहा आठवड्यांनी, कारण तेवढ्यात नवा जंत अंडी टाकायला लागतो. गोळीनं जंत मरतो, त्याची अंडी मरत नाहीत. म्हणून गोळी दिल्यावर दोन दिवस कुत्रं बांधून ठेवा आणि त्याची विष्ठा खोल पुरा किंवा जाळा. हा भाग सोडला तर सगळी अंडी एकदम माळावर जातात.

मेलेलं मेंढरू उघड्यावर टाकू नका, कुत्री उकरणार नाहीत इतका खोल खड्डा घेऊन वर चुना आणि दगड. घरी किंवा जत्रेला बकरं कापलं की पाण्याच्या पिशव्या असलेलं यकृत, फुप्फुस, डोकं कच्चं कुत्र्याला घालायचं नाही. घालायचंच असेल तर निदान अर्धा तास खळाखळा उकळून. खाटकाच्या दुकानामागं बसणाऱ्या कुत्र्यांचंही तेच, तिथं खाटकाशी बोला, रागावून नाही, पिशवी हातात धरून दाखवून. कुत्र्याला कुरवाळलेले हात भाकरी मोडायच्या आधी साबणानं धुवायचे. लेकरांच्या बाबतीत हे रोज सांगायला लागतं.

तारखा कुणाच्या ध्यानात राहत नाहीत, म्हणून मी वाड्यांवर सण सांगते: संक्रांत, पाडवा, आषाढी, दसरा. मामांनी वाघरीच्या एका दोराला गोळीगणिक गाठ मारायला सुरुवात केली. मोत्याच्या पहिल्या नमुन्यात आऱ्यांची अंडी होती. तिसऱ्या गाठीनंतर मी दोनदा, दोन्ही पाण्यांत बघितलं, एकही सापडलं नाही. त्याच वाड्याच्या पाठीमागच्या वाटेवरून लांडगा अजून जातो. या दसऱ्यानंतर तिथल्या बाटल्या डीएनएसाठी पाठवायच्या आहेत.